पांढऱ्या दगडाखालची माती

पोर्टकॅली,
मार्चअखेर

प्रिय फेस्टी,

माझं अक्षर पाहून दचकला असशील. नाताळच्या कार्डावर "आम्ही बरे आहोत, थंडी फार" यापलीकडे मी तुला कधी लिहिलं नाही, आणि तूही कव्हेंट्रीहून "इथेही थंडी फार" यापलीकडे कधी गेला नाहीस. बावन्न वर्षं दीर-भावजयीनं एकमेकांना नुसतं हवामान कळवलं म्हणायचं. आज मात्र बरंच लिहायचं आहे. चहा करून घे, खिडकीपाशी उजेडात बस आणि तुझं तूच वाच. मुलीला वाचून दाखवायला सांगू नकोस. तिला सांगायचं की नाही ते तू मागाहून ठरव.

जानेवारीतल्या वादळाचं तू टीव्हीवर पाहिलंच असशील. टीव्हीवाल्यांनी आपला धक्का दाखवला, कारण तो मधोमध तुटून पडला होता आणि चित्र छान येत होतं. तुम्हा भावांची नावा बांधायची शेड गेली, ते त्यांनी दाखवलं नाही. पत्र्याचा एक तुकडा थेट शाळेच्या मैदानात सापडला. दोन दिवस आम्ही सगळे वरच्या चर्चच्या हॉलमध्ये अंगावर कोट घालून बसलो होतो, एकमेकांची गाऱ्हाणी ऐकत. तिसऱ्या दिवशी समुद्र मागे हटला आणि लोक आपापलं काय गेलं ते बघायला खाली उतरले. कुणी नाव बघायला, कुणी मेंढरं. आम्ही चार म्हाताऱ्या मात्र पोरांच्या रानाकडे निघालो. चौघींनाही कुठे जायचं ते ठाऊक होतं. रानाचा समुद्राकडचा अर्धा भाग पावाचा तुकडा मोडावा तसा तुटून खाली गेला होता.

नोरीनच्या मुलांना मी परवा पोरांचं रान म्हणजे काय ते सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाला चर्चच्या आवारात जागा नसे. बापानं उजाडायच्या आत लाकडी खोकं काखेत मारायचं, कड्यावरच्या त्या पडीक तुकड्यात खड्डा खणायचा, वर किनाऱ्यावरचा एखादा दगड ठेवायचा आणि घरी येऊन न्याहारीला बसायचं. दगडावर नाव नाही, कारण बाप्तिस्मा नाही म्हणजे नावच नाही. आईनं जायचं नाही आणि विचारायचंही नाही. धाकटी नात म्हणाली, "आजी, पण का?" मी म्हटलं, अशी पोरं देवाकडे जात नाहीत, ना स्वर्ग ना नरक अशा मधल्या जागी राहतात, असं तेव्हा सांगायचे. आता रोममधले म्हणतात, तशी जागा बहुतेक नव्हतीच. मग इतकी वर्षं आमची पोरं कुठे होती, ते मात्र कुणी सांगायला आलं नाही.

माझा दगड तुला माहीत आहे. निदान मी इतकी वर्षं तसं धरून चालले. आमचं पोर गेलं त्या बाळंतपणातून उठल्यावर मी रीत मोडून तुझ्या भावाला, कॉलमनला विचारलं होतं. मी जेवण सोडलं तेव्हा कुठे म्हणाला, "काटेरी झाडाच्या उजव्या अंगाला बघ. पांढरा दगड आहे." तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी तिथे जायचे. तो कधी आत आला नाही. बाहेर दगडी कुंपणावर माझ्याकडे पाठ करून बसायचा, पाइप ओढत. मला त्याचा मनस्वी राग यायचा. एकदा तर मी तिथूनच ओरडले होते, "तुझा कुणी नव्हता का तो?" त्यानं मान वळवली नाही. नोरीन झाली, मोठी झाली, आम्ही म्हातारे झालो, पण माझं त्या दगडापाशी बसणं आणि त्याचं कुंपणावर बसणं चालूच राहिलं. मी त्याला दगडाच्या काळजाचा माणूस म्हणत आले. तोंडावर म्हणत आले, फेस्टी.

वादळानंतर काउंटीच्या कचेरीनं ठरवलं की उरलेलं रानही पुढच्या हिवाळ्यात जाणार, तेव्हा आत आहे ते उचलून टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत न्यायचं. डब्लिनहून जुनी थडगी खणून तपासणारी एक मुलगी आली, नोरीनपेक्षाही लहान, गुडघ्यापर्यंत चिखलात. फार मायाळू. ज्यांना आपला दगड माहीत आहे त्यांनी तो दाखवावा, म्हणजे त्या खोक्यावर नाव घालता येईल, असं ती म्हणाली. मी माझा दाखवला. झाड समुद्रात गेलं होतं, पण माझा पांढरा दगड अगदी कडेला तसाच होता. मी देवाचे आभार मानले. नव्या जागेसाठी नोरीननं एक लोकरीचं पांघरूण विणून ठेवलं होतं.

ती मुलगी जवळजवळ दिवसभर तिथे गुडघ्यांवर बसून होती. मग हात पुसत माझ्याकडे आली. तिनं मला नीट समजावून सांगितलं. आपल्याकडच्या मातीत कोवळी हाडं विरघळून जातात, त्यामुळे काही सापडलं नाही तरी घाबरायचं नसतं. पण एकदा खणलेली माती कायम वेगळी दिसते, रंगानं आणि पोतानं, शंभर वर्षांनीसुद्धा. "आणि आजी," ती म्हणाली, "तुमच्या दगडाखालची माती कधी कुणी हलवलेलीच नाही. तिथे कुणी कधी कुदळ मारलेली नाही." मी तिला दुसऱ्या बाजूला बघ म्हटलं, खाली बघ म्हटलं. तिनं सगळं बघितलं. मग ती पोर स्वतःच रडायला लागली, आणि मलाच तिची समजूत काढावी लागली.

मी काय समजले ते सांगते. मी समजले की कॉलमननं मला गप्प करण्यासाठी कुठला तरी दगड दाखवला, आणि माझं पोर तुटून गेलेल्या अर्ध्या भागात होतं. म्हणजे ते आता समुद्रात. पुढचे कितीतरी दिवस मी ओहोटी लागली की किनाऱ्यावर जायचे आणि शेवाळाचे ढीग काठीनं उलटेपालटे करायचे. एक हाड मिळालं, ते मी रुमालात गुंडाळून डॉक्टरकडे नेलं. कोकराचं निघालं. नोरीन म्हणाली, "आई, पुरे आता, लोक बघतात." बघू देत म्हटलं. मी कॉलमनच्या थडग्यापाशी गेले आणि भर दुपारी त्याला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेला माणूस फुलं तशीच हातात घेऊन परत गेला.

आता कॉलमनबद्दल एक गोष्ट, जी तुला तिकडे कळली असणं शक्य नाही. तू गेलास त्या वर्षापासून त्यानं फादरपुढे पापं कबूल करायला, कन्फेशनला, जाणं बंद केलं. मिस्सेला यायचा, पण मागच्या दाराशी टोप्या हातात धरून उभे राहणारे बाप्ये असतात ना, त्यांच्यात उभा राहायचा. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला कधी पुढे आला नाही. नोरीनच्या लग्नातसुद्धा नाही. पोर गेलं म्हणून कॉलमन देवावर रुसला, असं गाव म्हणायचं. मी म्हणायचे, हा आळशी आणि अडेलतट्टू. केवढी भांडणं केली मी त्यावरून! शेवटच्या आजारात मी नव्या फादरना घरी बोलावलं. कॉलमन त्यांना म्हणाला, "फादर, चहा घ्या. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. माझी मान शरमेनं खाली गेली. तो तसाच गेला, आणि तो कुठे गेला असेल या काळजीनं मी दोन वर्षं धड झोपले नाही.

आता गेल्या आठवड्याचं. वादळात इतकं वाहून गेलं, तर उरल्यासुरल्या आठवणी तरी गोळा कराव्यात म्हणून मास्तरांच्या ग्रॉन्यानं हॉलमध्ये एक संध्याकाळ ठेवली. भिंतीवर फोटो, टेबलावर मनुकांचा पाव, आणि समोर रेकॉर्डिंगचं यंत्र. तुझाही फोटो होता, उलटी नाव डोक्यावर घेऊन तू आणि कॉलमन चालला आहात, नुसते चार पाय दिसताहेत. लोक खूप हसले. जुन्या हेरिंग मासेमारीच्या दिवसांचं झालं, पाद्रीबाबांच्या मोटारीचं झालं, आणि मग मॉर्टीन ओ'टूल उठला. तुझ्याच वयाचा, पण अजून जीभ तशीच. म्हणाला, "सॅली मॅनियनच्या मयताची गोष्ट सांगतो. पेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत मी होतो." सॅलीचं नाव निघाल्याबरोबर सगळे खुर्च्यांवर सरसावून बसले.

सॅलीला तू विसरला नसशील. खडकांवर शिंपल्या वेचायची, वाळलेल्या काटकीसारखी, आणि पोरांचा असा दुस्वास की खडकावर एखादं दिसलं तर हातातली बादली फेकून मारायची. ती गेली ती माझं पोर गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मॉर्टीन म्हणाला, "पेटी अर्थातच कॉलमनची. तो नावा बांधायचा तसा पेट्याही बांधायचा. रीत अशी, की फादर येऊन प्रार्थना म्हणेपर्यंत झाकण उघडं. म्हातारीची जपमाळ तिच्या हातात द्यायला माझी आई मुद्दाम गेली, तर बघते काय, झाकण स्क्रूनं गच्च बंद! शेजारी कॉलमन आणि त्याचा धाकटा भाऊ उभे, पांढरेफटक. आई म्हणाली, 'उघड रे.' तर म्हणतो, 'नको, म्हातारी बिघडायला लागलीय.' आता मला सांगा, मार्च महिना, घरात चूल नाही, आमच्या नाकाचं पाणी गोठतंय, आणि म्हणे बिघडायला लागली! त्या थंडीत हेरिंग महिनाभर बिघडत नाही!" हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, त्याचं मन होतं तिच्यावर! जन्मभर तिच्या थडग्यावरची खाजकुइली कोण काढत होतं?" ते खरंच आहे. दर रविवारी मला रानातून घरी सोडलं की कॉलमन जुन्या चर्चच्या आवारात जायचा आणि सॅलीचं थडगं साफ करायचा. सॅलीला कुणी नाही म्हणून करतो, असं तो सांगायचा. मीही त्यावरून त्याला चिडवलं आहे.

मॉर्टीन पुढे म्हणाला, "थांबा, खरी गंमत पुढेच आहे. पेटी खाली ठेवून खांदा बदलायचा तो चौरस्त्यावर. अधेमधे कुठे टेकवत नाहीत. पण कॉलमनच्या घराच्या फाटकापाशी आलो आणि हा म्हणतो, 'थांबा.' का, तर खांदा दुखतो. नाव डोक्यावर घेऊन दोन मैल चालणारा गडी! फेस्टी धावत जाऊन आतून दोन खुर्च्या घेऊन आला, पेटी त्यांच्यावर ठेवली. फादर क्विल्टी डोळे वटारून बघताहेत. आणि कॉलमन आपला खिडकीकडे बघतोय. बरं, पेटी उचलल्यावर खुर्च्या लाथेनं पाडायच्या असतात, नाहीतर मरण त्या घरात मुक्काम करतं. मी पाय उचलला, तर त्यानं माझी कॉलर धरली. 'माझ्या खुर्च्यांना हात लावू नकोस,' म्हणाला. स्वतः उचलून आत नेऊन ठेवल्या. वेडाच होता राव!" लोक हसत होते. ग्रॉन्यानं माझ्याकडे पाहिलं आणि यंत्र बंद केलं. मी कोट घेतला आणि बाहेर आले.

कारण त्या खिडकीच्या आत मी होते, फेस्टी. बाळंतिणीनं चर्चमध्ये जाऊन आशीर्वाद घेईपर्यंत चार लोकांत जायचं नसतं, म्हणून मयताला मला जाता आलं नाही. मी पलंगावर पडून होते, छातीत दूध दाटून ठणकत होतं, आणि स्वयंपाकघरातून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. मी उठून पडदा सरकवला. माझ्या फाटकात सॅली मॅनियनची पेटी ठेवलेली, आणि माझा नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मला वाटलं, काय हा माणूस, काल पोर पुरलं आणि आज परक्या म्हातारीचं मढं माझ्या दारात आणून टेकवतो! मी पडदा ओढून घेतला. त्याला दिसेल असा, जोरात. त्या पेटीत म्हातारीशेजारी माझं पोर होतं, ते मला दाखवायला तो थांबला होता, आणि मी पडदा ओढून घेतला.

मला का सांगितलं नाही, हे कोडं मात्र मला घरी पोचेपर्यंतच पुरलं. दर शनिवारी कन्फेशनला जाणारी मी. माझ्या पोटात काही राहायचं नाही, पावावर जास्त लोणी लावलं तरी फादर क्विल्टींना सांगून यायचे. ही गोष्टही सांगितली असती. आणि त्यांनी मला क्षमा कधी दिली असती? पेटी उकरून पोर बाहेर काढल्यावर. आदल्या वर्षीच पलीकडच्या वस्तीतल्या एका बापानं आपली मुलगी चर्चच्या कोपऱ्यात गुपचूप पुरली होती. फादरनी त्याला त्याच्याच हातांनी ती उकरायला लावली, सगळ्या गावासमोर. कॉलमन तिथे होता. म्हणून त्यानं मला रिकामा दगड दिला, आणि स्वतः कन्फेशन सोडलं, कारण तिथे खोटं बोलणं त्याला जमलं नसतं आणि खरं बोलणं परवडलं नसतं. आणि तूही का कधी परत आला नाहीस, आईच्या मयतालाही नाही, भावाच्याही नाही, ते आता कळतं. माझ्याकडे बघून गप्प बसणं तुला जमलं नसतं.

मी त्याला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्या कधी न हललेल्या मातीशी बावन्न वर्षं बोलले. फादर क्विल्टी मेल्यावर तरी त्यानं सांगायचं होतं. चाळीस वर्षं झाली त्यांना जाऊन! पण बहुतेक तोपर्यंत मी त्या दगडापाशी इतकी बसले होते की तिथे काही नाही हे सांगायचा त्याला धीर झाला नसेल. माझी पाठ बघत बसण्यापेक्षा त्यानं माझ्याकडे पाठ केली. रात्रंदिवस एका छपराखाली राहून आम्ही दोघं वेगवेगळ्या जागी एकाच पोराला भेटायला जात होतो, आणि मी त्याला पाषाण म्हणत होते.

आता मी हे कशासाठी लिहिते आहे ते. कोकराच्या हाडाच्या निमित्तानं डॉक्टरनं माझीच तपासणी केली. पोटात जे आहे ते काढण्यापलीकडे गेलं आहे, उन्हाळा दिसेल असं तो म्हणतो, पण म्हणताना खिडकीबाहेर बघत होता. नोरीनला मी वर टेकडीवर तिच्या बाबांशेजारी हवी आहे. मला सॅली मॅनियनच्या थडग्यात जायचं आहे. कॉलमनला मी मिळाले होते, पन्नासच्या वर वर्षं, भांडून का होईना. पोराला मात्र आजवर त्या खवट बाईचीच कूस मिळाली. नवे फादर चांगले आहेत. ते म्हणाले, जुनं आवार बंद झालं असलं तरी पेटी बंद करताना तिथे असलेल्या कुणी एकानं सांगितलं तर मी ते थडगं उघडू देईन. तेव्हा तिथे असलेला तू एकटाच उरला आहेस, फेस्टी. झाकण तू धरलं होतंस ना? मला सांग, त्याला तिच्या कोणत्या हाताशी ठेवलं, म्हणजे मला त्या बाजूला ठेवायला सांगता येईल. आणि ठेवताना कॉलमननं त्याला काही नाव घेऊन हाक मारली का, तेही सांग. एवढं लिही, लगेच लिही. पण मी हे सगळं मनानंच रचलं असेल, पेटीत सॅलीखेरीज कुणी नव्हतं आणि माझं पोर खरोखरच समुद्रात गेलं असेल, तर मला काहीही लिहू नकोस, हवामानसुद्धा नको. टपाल अजून आलेलं नाही, एवढंच समजून मी जाईन.

तुझीच भावजय,
डेलिया